मोटरसायकलचं मागचं सस्पेन्शन: बिघाड, तपासणी आणि देखभाल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी मागून आदळायला लागली की लोकांचा एक हात प्रीलोडच्या रिंगकडे (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी रिंग) जातो आणि दुसरा पाकिटाकडे. या दोन्हींच्या आधी तपासण्यासारखं बरंच असतं, आणि त्यातलं बहुतेक साध्या पान्यांनी स्वतःच तपासता येतं. खालची उत्तरं दोन शॉकच्या गाडीला आणि मोनोशॉकला (एकाच शॉकच्या गाडीला), दोन्हींना लागू आहेत. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलंय. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा इथल्या आकड्याशी जुळला नाही तर मॅन्युअलचं ऐका.

शॉकअप म्हणजे एकच वस्तू ना? मग स्प्रिंग आणि डॅम्पर असं वेगळं का बोलतात?

दिसायला एक, पण कामं दोन. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्क्याची ऊर्जा साठवते. डॅम्पर वजन जवळजवळ पेलतच नाही. तो हालचालीचा वेग आवरतो. आतल्या तेलातून पिस्टन सरकतो, तेलाला बारीक भोकांतून आणि पातळ पोलादी चकत्यांच्या फटीतून वाट काढावी लागते, आणि स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकच्या नळीजवळ हात नेऊन बघा, ऊब लागेल. डॅम्पर काम करत असल्याची ती खूण.

हा फरक पक्का धरून ठेवा, कारण बहुतेक चुकीचे इलाज इथूनच निघतात. खड्ड्यानंतर गाडी तीन-चारदा डुलते, ही डॅम्परची तक्रार. प्रीलोड वाढवून ती जात नाही. मागे जड माणूस बसला की गाडी खाली बसते, ही स्प्रिंगची तक्रार. तिथे डॅम्पिंगचा स्क्रू आवळून काही साधत नाही.

गाडी मागून आदळते किंवा फार कडक वाटते. तपासायला सुरुवात कुठून करू?

टायरपासून. हसू नका. हवा जास्त भरलेली असेल तर बारीक खडीसुद्धा कमरेत जाणवते, आणि शॉकचा यात काहीच दोष नसतो. हवा थंड टायरमध्ये मोजा, गाडी चालवून आल्यावर नाही.

मग चेन. ही गोष्ट फार जण विसरतात. मागचं चाक वर-खाली होताना पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा) पिव्हट, म्हणजे फ्रेमशी जोडणारा सांधा, आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. चेन आधीच घट्ट लावलेली असेल तर चाक तिथपर्यंत येऊच शकत नाही. सस्पेन्शनला चेनच अडवते आणि तुम्ही शॉकला दोष देता. शिवाय तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो, तो खर्च वेगळाच. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना चेनचा ढिलेपणा २५ ते ३५ मिलिमीटरच्या आसपास सांगितलेला असतो, कच्च्या रस्त्याच्या गाड्यांना त्याहून जास्त. तो कुठल्या स्टँडवर मोजायचा हेही मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. डबल स्टँडवरचं आणि साइड स्टँडवरचं माप सारखं येत नाही.

त्यानंतर सांध्यांमधले बुश (बोल्टभोवतीच्या बाह्या) आणि बेअरिंग, मग प्रीलोड, आणि सगळ्यात शेवटी डॅम्पर. हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो, आणि बिघाडही बहुतेक वेळा याच क्रमाने सापडतो.

प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की शॉकच्या डबीवरही कधी कधी ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ असं छापलेलं दिसतं.

समजा स्प्रिंगचा रेट १०० न्यूटन प्रति मिलिमीटर आहे, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला १०० न्यूटन बळ लागतं. रिंग फिरवून तुम्ही ती १० मिलिमीटर आधीच दाबून ठेवली. आता शॉक हलायला सुरुवात होण्यासाठी १,००० न्यूटन लागतील. पण एकदा हलायला लागला की पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला तेच १०० न्यूटन. स्प्रिंग होती तशीच आहे. बदलली ती गाडीची मागची उंची. त्या वजनाखाली शॉक कमी दबतो, म्हणून सीट वर राहते आणि खाली आदळायच्या आधी प्रवासाची जागा जास्त उरते.

मग ‘कडक’ का वाटतं? प्रीलोड फार झाला की छोट्या धक्क्यांना शॉक हलतच नाही, आणि चाक वर-खाली होताना शॉकला आणखी उघडायला जागा शिल्लक नसल्यामुळे तो पूर्ण ताणला जाऊन टक्कन आपटतो. एकट्याने चालवताना प्रीलोड शेवटच्या खाचेवर ठेवणाऱ्यांची गाडी स्पीडब्रेकरवर उडते ती यामुळेच.

सॅग म्हणजे नेमकं काय, आणि तो मोजायचा कसा?

गाडी स्वतःच्या आणि स्वाराच्या वजनाने मागे किती बसते, ते माप म्हणजे सॅग. एक टेप आणि मदतीला एक माणूस पुरतो.

आधी मागचं चाक पूर्ण अधांतरी करा आणि एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, शेपटीवरच्या एखाद्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग गाडी दोन्ही चाकांवर उभी करा, कोणी न बसता, आणि पुन्हा मोजा. पहिल्यातून दुसरं वजा केलं की रिकामा सॅग मिळतो. आता नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट-जॅकेटसकट गाडीवर बसा, पाय फूटरेस्टवर, आणि मदतनीसाला तिसरं माप घ्यायला सांगा. पहिल्यातून तिसरं वजा केलं की स्वाराचा सॅग.

चिमटा आणि लिंकेज (चिमटा आणि शॉक यांना जोडणारे सांधे) यांत थोडं घर्षण असतंच, म्हणून एकदा सीट दाबून हळू सोडून मोजा, एकदा उचलून हळू टेकवून मोजा आणि दोन्हींची सरासरी धरा. या दोन मापांत खूपच फरक येत असेल तर आकडेमोड बाजूला ठेवा. कुठेतरी बेअरिंग सुकलंय किंवा गंजलंय. ही चाचणी सॅगसाठी म्हणून केली जाते, पण मला तिचा हा उपयोग जास्त मोलाचा वाटतो.

रस्त्यावरच्या गाडीला स्वाराचा सॅग साधारण ३० ते ४० मिलिमीटर आणि रिकामा सॅग ५ ते १५ मिलिमीटर चालतो. मोटोक्रॉसच्या गाडीला मागे सुमारे ३०० मिलिमीटर प्रवास असतो, तिथे स्वाराचा सॅग १०० मिलिमीटरच्या आसपास आणि रिकामा ३० ते ४० ठेवतात. ढोबळ मानाने एकूण प्रवासाचा चौथा ते तिसरा हिस्सा स्वाराच्या वजनाने वापरला जावा.

दोन सॅगपैकी एक बरोबर येतो, दुसरा येत नाही. असं का?

इथे उत्तर उलटं वाटतं, म्हणून सावकाश वाचा. स्वाराचा सॅग बरोबर आणला, पण रिकामा सॅग जवळजवळ शून्य आला, तर स्प्रिंग तुमच्या वजनासाठी मऊ आहे. ती मऊ असल्यामुळे तुम्हाला भरमसाट प्रीलोड द्यावा लागला, आणि त्या प्रीलोडमुळे रिकामी गाडी बसतच नाही. याउलट स्वाराचा सॅग बरोबर असताना रिकामी गाडी फारच खाली बसत असेल तर स्प्रिंग कडक आहे. या दोन्ही वेळी रिंग फिरवत बसण्यात अर्थ नाही, वेगळ्या रेटची स्प्रिंग लागेल.

कंपनी स्प्रिंग ठरवते ती एका मधल्या वजनाच्या स्वारासाठी. तुम्ही त्याहून बरेच हलके किंवा जड असाल तर मूळ स्प्रिंग तुम्हाला कधीच पूर्ण जुळणार नाही.

प्रीलोडची रिंग फिरवायची कशी? माझी तर जाम झालीय.

कमी क्षमतेच्या गाड्यांवर खाचांची रिंग असते, बहुधा पाच खाचांची. टूलकिटमधल्या हूक पान्याने ती एकेक खाच सरकते. दोन शॉक असतील तर दोन्ही बाजू सारख्याच खाचेवर हव्यात. एक बाजू विसरून निघणारे लोक मी इतके पाहिलेत की हे वाक्य ठळक अक्षरांत छापावंसं वाटतं.

बऱ्याच मोनोशॉकवर आट्यांच्या दोन रिंगा असतात: एक प्रीलोडची, दुसरी तिला लॉक करणारी. आधी आटे ब्रशने घासून स्वच्छ करा, मातीचे कण आट्यांत अडकलेले असताना जोर लावला तर अॅल्युमिनियमचे आटे जातात. गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबा. चाक अधांतरी करा, म्हणजे स्प्रिंगवर गाडीचं वजन नसेल. स्प्रिंगची लांबी मोजून लिहून ठेवा आणि मगच लॉक रिंग सोडवा. छिन्नी-हातोडी शेवटचा उपाय म्हणूनही नको. रिंगची कड मोडली की पुढच्या वेळी पानाही बसत नाही.

मोनोशॉकवर रिंग एक मिलिमीटर सरकवली की चाकाजवळ सॅग साधारण दोन-तीन मिलिमीटर बदलतो, कारण शॉक चाकापेक्षा बराच कमी हलतो. म्हणून थोडं थोडं फिरवा आणि पुन्हा मोजा.

रिबाउंड आणि कम्प्रेशन यांत गोंधळ होतो.

शॉक दबताना जो विरोध होतो तो कम्प्रेशन, दबलेला शॉक परत उघडताना जो होतो तो रिबाउंड. बऱ्याच गाड्यांत यातला एकही बदलता येत नाही. काहींत फक्त रिबाउंडचा स्क्रू असतो, बहुधा शॉकच्या खालच्या टोकाला.

रिबाउंड फार मोकळा असेल तर खड्ड्यानंतर सीट तुम्हाला वर फेकते आणि गाडी डुलत राहते. फार आवळलेला असेल तर बिघाड फसवा असतो: एकटा खड्डा छान जातो, पण पाठोपाठ चार उंचवटे आले की शॉकला परत उघडायला वेळच मिळत नाही. प्रत्येक धक्क्याला तो आणखी खाली बसतो आणि शेवटी लाकडासारखा कडक होतो. माणसाला वाटतं कम्प्रेशन जास्त झालंय, म्हणून तो ते कमी करतो, आणि शॉक अजूनच खाली बसतो. लागोपाठच्या उंचवट्यांवरच गाडी कडक होत असेल तर आधी रिबाउंड दोन क्लिक (स्क्रू फिरवताना हाताला लागणारा एकेक टप्पा म्हणजे एक क्लिक) मोकळा करून बघा.

हायस्पीड आणि लोस्पीड कम्प्रेशन असे दोन वेगळे स्क्रू असतील तर तो वेग गाडीचा नाही, शॉकच्या दांड्याचा. ताशी ३० किलोमीटरने धारदार कडेवर आदळलात तर ते हायस्पीड. ताशी १०० ने लांबट उताराच्या लाटेवरून गेलात तर ते लोस्पीड.

क्लिकची सेटिंग बिघडवून ठेवलीय. मूळ जागी कशी आणू?

स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद होईपर्यंत फिरवा. आतली सुई टेकली की तिथेच थांबा, जोर लावू नका. तिथून मॅन्युअलमध्ये दिलेले क्लिक मोजत उघडा. यापुढे काहीही बदलायच्या आधी सध्याचे क्लिक मोजून लिहा आणि एका वेळी एकच गोष्ट, एक-दोन क्लिकच बदला. प्रत्येक वेळी रस्ताही तोच घ्या, नाहीतर काय सुधारलं ते कळणारच नाही.

स्क्रू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवूनही गाडीत काहीच फरक पडत नसेल तर शॉकमधलं तेल किंवा झडप कामातून गेली आहे.

शॉक गेलाय का, हे जागेवर कसं ओळखू?

सीटच्या मागच्या भागावर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबा आणि एकदम सोडा. गाडी आवरत वर आली आणि थांबली तर ठीक. वर येऊन पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली, तर डॅम्पिंग संपलंय.

पण या चाचणीवर फार भिस्त ठेवू नका. हाताने दाबताना शॉक सावकाश हलतो आणि तेल थंड असतं. खरा बिघाड कित्येकदा अर्धा-पाऊण तास खराब रस्ता तुडवल्यावर उघडा पडतो: तेल तापून पातळ होतं, त्यात वायूचे बुडबुडे मिसळतात आणि सुरुवातीला बरी चाललेली गाडी तरंगायला लागते. थांबून शॉक थंड झाला की पुन्हा बरी. असं होत असेल तर तेल म्हातारं झालंय किंवा आतला वायूचा दाब कमी झालाय. थंड असतानाही डुलत असेल तर बिघाड आणखी पुढे गेलेला आहे.

मागचा टायर काही अंतरावर खड्डे-उंचवटे पडून झिजत असेल तर तीही एक खूण. मात्र चाकाचा बॅलन्स बिघडला किंवा हवा कमी राहिली तरी तसंच होतं, तेव्हा केवळ टायर बघून शॉक बदलू नका.

शॉकवर तेल दिसतंय. लगेच बदलावा लागेल?

आधी तेल कुठलं ते ठरवा. चेनवर मारलेलं तेल चाकासोबत फिरून शॉकवर उडतं. इंजिनचं गळणारं तेलही वाऱ्याने मागे येतं. शॉक डिग्रीझरने पुसून कोरडा करा, एक दिवस गाडी चालवा आणि दांडा जिथे नळीत शिरतो ती जागा बघा. दांड्यावर तेलाची पुसट चकाकी असणं चांगलंच आहे, सीलला ओलावा लागतोच. पण तेलाची कड जमा झाली, तिच्यावर माती चिकटून लगदा झाला किंवा ओघळ दिसला, तर सील गेलंय.

नवीन सील टाकण्याआधी दांड्यावरून नख फिरवा. क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे असतील तर नवीन सीलही थोड्याच दिवसांत फाटेल. दांडा बदलायला किंवा पुन्हा क्रोम करायला हवा. सील फाटण्यामागे फार वेळा वाळलेला चिखलच असतो. म्हणून चिखलातून आलात की दांडा ओल्या कापडाने पुसायची सवय लावा. दांड्यावर चेनचं तेल किंवा ग्रीस लावून ‘संरक्षण’ करू नका, त्यावर धूळ चिकटून सँडपेपर तयार होतो.

तेल टायरवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर ठिबकत असेल तर गाडी चालवू नका.

मागून आवाज येतो. कुठला आवाज कशाचा?

कुईकुई बहुतेक सुकलेल्या बुशचा किंवा लिंकेजचा. खड्ड्यात जाताना एकच टक् असा आवाज आला तर शॉकच्या वरच्या-खालच्या बोल्टचं बुश खाल्लं गेलंय किंवा बोल्ट ढिला आहे. खड्ड्यातून बाहेर येताना, चाक खाली लोंबताना टक् होत असेल तर शॉक पूर्ण ताणला जाऊन आपटतोय; प्रीलोड जास्त किंवा रिबाउंड कमी. दबताना येणारी हलकी फुस्स ही तेल झडपेतून जातानाची असते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. बंप स्टॉपचं (शॉक पूर्ण दबताना शेवटचा धक्का झेलणाऱ्या ठोकळ्याचं) रबर चुरा होऊन पडलेलं असेल तर तळाला बसताना धातूचा दणका ऐकू येतो. ते रबर वर्षातून एकदा तरी बघावं.

आणि नंबरप्लेट, कॅरिअर, मडगार्ड, सीटखालची टूलकिट हे सगळं आधी हाताने हलवून बघा. शॉक बदलून झाल्यावर खडखडणारी टूलकिट सापडली, ही गॅरेजमधली जुनी गोष्ट आहे.

चिमट्याला प्ले (सांध्यातला ढिलेपणा) आहे का, हे कसं तपासू?

मागचं चाक उचला. इथे एक मेख आहे: पॅडॉक स्टँड गाडीला चिमट्याखालून उचलतो, त्यामुळे सस्पेन्शनवर वजन तसंच राहतं आणि लिंकेजचा प्ले सापडत नाही. डबल स्टँड असेल तर उत्तम. नसेल तर गाडी फ्रेममधून किंवा इंजिनखालच्या मजबूत भागातून उचला आणि पुढचं चाक पट्ट्याने नीट बांधा.

आता एका हाताने फ्रेम धरा, दुसऱ्या हाताने चिमटा मागच्या टोकाला धरून डावीकडे-उजवीकडे जोरात हलवा. हलला तर पिव्हटचे बुश किंवा बेअरिंग गेलेत. चिमटा हलत नाही पण चाकाची वरची-खालची कड धरून हलवल्यावर चाक हलतं, तर चाकाचं बेअरिंग बघा. मग चाक खालून अगदी हळू उचला. स्प्रिंगला ओझं लागण्याआधी चाक काही मिलिमीटर रिकामं उचललं जात असेल, तर लिंकेजचे सांधे किंवा शॉकची टोकं झिजलीत. प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा उचला, दोषी सांधा बोटाला कळतो.

चिमट्याचा प्ले अंगावर काढू नका. वळणावर मागचं चाक स्वतःची रेषा धरतं आणि वेगात गाडी सापासारखी वळवळायला लागते. तसं कधी झालंच तर जोरात ब्रेक मारू नका. हँडल घट्ट आवळून न धरता हळूहळू अॅक्सिलरेटर कमी करा. मागे कॅरिअरवर जास्त वजन बांधलं तरी असंच होतं, तेव्हा सामान काढून पुन्हा बघा.

लिंकेज आणि चिमट्याला ग्रीस किती वेळाने?

ग्रीसचं निप्पल असेल तर काम सोपं: जुनं, काळं पडलेलं ग्रीस बाहेर ढकललं जाऊन नवीन दिसेपर्यंत भरा. निप्पल नसेल तर उघडावंच लागतं, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. डांबरी रस्त्यावर, कोरड्या हवामानात चालणाऱ्या गाडीला वर्ष-दोन वर्षांतून एकदा पुरतं. पावसात, चिखलात, समुद्राजवळ चालणारी गाडी वर्षातून एकदा तरी उघडा; शर्यतीच्या किंवा कच्च्या रस्त्याच्या गाडीचा हिशेब तर चालवलेल्या तासांत करतात.

उघडल्यावर नीडल बेअरिंगमधून (बारीक सुयांसारख्या रोलरच्या बेअरिंगमधून) तपकिरी पाणी किंवा भुकटी निघाली तर धुऊन-पुसून परत लावायचा मोह टाळा. आतल्या पोलादी स्लीव्हवर सुयांचे रेघांसारखे ठसे उठले असतील तर बेअरिंग आणि स्लीव्ह दोन्ही एकत्र बदला. नव्या सुया जुन्या खाचांवर फिरल्या तर फार दिवस टिकत नाहीत. सुया सुट्या असतील तर स्लीव्ह काढताना खाली कापड अंथरा. ग्रीस पाण्याला टिकणारं वापरा आणि धूळसीलच्या ओठालाही थोडं लावा.

बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. पिव्हट जास्त आवळला तर चिमटा जड होतो आणि सस्पेन्शन पुन्हा ‘कडक’ वाटायला लागतं. आवळून झाल्यावर, शॉक जोडायच्या आधी, चिमटा हाताने उचलून सोडा. तो स्वतःच्या वजनाने विनाअडथळा खाली यायला हवा.

काही गाड्यांत पिव्हटला रबराचे सायलेंटब्लॉक असतात. त्यांना ग्रीस लागत नाही. साधं ग्रीस लागलं तर काही रबर फुगतं. त्यांत रबरच पिळलं जातं, म्हणून त्यांचा बोल्ट चाकं जमिनीवर असताना, गाडी नेहमीच्या उंचीवर बसलेली असताना शेवटचा आवळतात. चाक लोंबतं ठेवून आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. या सायलेंटब्लॉकच्या चिमट्यावर वरची उचलून सोडायची चाचणीही लागू होत नाही.

प्रेशर वॉशरने धुतलं तर चालेल?

शॉकच्या सीलवर, लिंकेजवर आणि पिव्हटवर थेट फवारा नको. सील बाहेरची धूळ अडवायला असतं, जोराचं पाणी त्याच्या ओठाखालून आत शिरतं आणि ग्रीस धुऊन टाकतं.

गॅस शॉक म्हणजे काय? त्यात गॅस पुन्हा भरता येतो का?

वजन गॅस उचलतो असं अनेकांना वाटतं. बहुतेक गाड्यांत वजन स्प्रिंगच उचलते. गॅसचं काम तेलाला दाबाखाली ठेवणं. पिस्टन वेगाने सरकताना त्याच्या मागे पोकळी तयार होते आणि तेलात बुडबुडे येतात. फेसाळ तेल झडपेला विरोध करत नाही. तेलावर आधीच दाब असेल तर बुडबुडे सहसा होत नाहीत. तेल आणि वायू यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन ठेवून ते वेगळे करण्याची रचना क्रिस्तियान बूर्सिए द कार्बोन या फ्रेंच अभियंत्याने १९५०च्या दशकात बाजारात आणली. बाजूला डबी लटकवलेल्या शॉकमध्ये हा वायू त्या डबीत असतो.

वायू नायट्रोजन असतो, कारण तो कोरडा असतो आणि तेलाशी त्याची प्रक्रिया होत नाही. दाब बहुधा १० बारच्या पुढे, म्हणजे टायरच्या कित्येक पट. साध्या कॉम्प्रेसरने हवा भरण्याचा प्रयोग करू नका. ऑक्सिजनचं सिलिंडर जोडण्याचा विचार तर मनातही आणू नका, दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल यांचा स्फोट होतो.

झडपेचं टोपण असलेला, आट्यांनी बंद केलेला शॉक उघडून तेल, सील आणि वायू नवा करता येतो. कडा दाबून किंवा वेल्ड करून बंद केलेला शॉक बदलायचाच असतो. दुरुस्त होणारा शॉक रस्त्याच्या गाडीवर साधारण २०,००० ते ३०,००० किलोमीटरला सर्व्हिसला द्यावा. त्यातलं तेल इतकं हळूहळू बिघडतं की स्वाराला कळतच नाही. सर्व्हिसनंतर पहिल्यांदा चालवल्यावर कळतं. हे काम सस्पेन्शनचं काम करणाऱ्याकडेच द्या. दबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडू शकते.

दोनपैकी एकच शॉक गेलाय. एकच बदलू?

दोन्ही बदला. नवा आणि जुना एकत्र लावले तर चिमट्याच्या दोन बाजूंना वेगवेगळा विरोध होतो आणि चिमटा पिळला जातो.

मोनोशॉक दोन शॉकपेक्षा खरंच चांगला का?

प्रवास लांब हवा असेल तर हो. यामाहाने बेल्जियन लुसियाँ टिल्केन्स यांची एकशॉक रचना मोटोक्रॉसमध्ये आणली आणि १९७३ साली हाकन अँडरसन त्याच गाडीवर २५० सीसीचा जगज्जेता झाला. नंतर आलेल्या लिंकेजमुळे शॉक सुरुवातीला मऊ आणि पुढे कडक होत जाईल अशी योजना करता आली. पण त्याची किंमत म्हणजे चिखलाच्या तोंडाशी बसलेली आणखी काही बेअरिंगं. रोज ओझं वाहणाऱ्या साध्या गाडीला दोन शॉक पुष्कळ आहेत, आणि ते अर्ध्या तासात बदलता येतात.

बाजारातला दुसरा शॉक बसवताना काय बघू?

शॉकच्या दोन डोळ्यांमधली (टोकांच्या बोल्टच्या भोकांमधली) लांबी, दांड्याचा प्रवास, बोल्टचा व्यास आणि स्प्रिंगचा रेट. नुसती लांबी जुळली तरी प्रवास जास्त असेल तर टायर मडगार्डला घासतो. मागची उंची वाढली की पुढचा फोर्क उभा होतो, गाडी पटकन वळते आणि वेगात थोडी चंचल होते. उंची घटली की ती वळणात बाहेर ढकलते. उंची कमी करणारी लिंक बसवली तर साइड स्टँडवर गाडी फार सरळ उभी राहते आणि जरा धक्क्याने पडते. असा कुठलाही बदल केला की चेनचा ढिलेपणा पुन्हा मोजा.

प्रीलोड बदलल्यावर हेडलाइटही बघावा. मागे माणूस आणि सामान घेऊन शेपूट बसली की झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

स्प्रिंगच मऊ पडली असेल का?

क्वचित. चांगल्या पोलादाची स्प्रिंग वर्षानुवर्षं टिकते. त्याआधी डॅम्पर संपतो. खात्री करायची तर स्प्रिंग काढून मोकळी लांबी मॅन्युअलशी ताडून बघा. तडा किंवा खोल गंज दिसला तर मात्र लांबी न मोजताच बदला.

जुना गॅस शॉक भंगारात टाकू का?

वायू सोडल्याशिवाय नाही. बंद डबी कापली, तापवली किंवा आगीत टाकली तर फुटते. झडप असलेल्याची टोपी काढून, तोंड आणि डोळे दूर ठेवून, दाब हळूहळू सोडता येतो. बंद शॉकचं ते काम शॉक बदलणाऱ्या गॅरेजवर सोडा, आणि जुना तिथेच ठेवून या.